पदरचं काही नाही

सुईणीने काळा डबा तिच्या उशापाशी सरकवला, बटण दाबलं आणि हातमोजे चढवत वाट पाहू लागली. डब्यातून आधी खरखर आली, मग कुठेतरी लांब चमचा बशीवर ठेवल्याचा आवाज, आणि मग ती बाई बोलली.

"नमस्कार. मी दुभाषी. जे ऐकेन तेच सांगेन, पदरचं काही घालणार नाही. दोघींच्याही वतीने 'मी' म्हणूनच बोलेन. चालेल?"

"चालेल," ती म्हणाली, आणि पलंगावर मागे रेलून तिने डोळे मिटले.

डोळे मिटायची तिला सवयच लागली होती. सुईणीचे हात पोटावरून फिरू लागत आणि डब्यातला आवाज म्हणे, "आता मी पोटावर हात ठेवतेय. जरा गार लागेल." हात एकीचे, बोल दुसरीचे. मिटल्या पापण्यांआड त्या दोघींची मिळून एकच बाई होई. थोडी वयस्क, थोडी घोगऱ्या आवाजाची, काम करता करता बोलणारी. खिडकीच्या जाड काचेतून पांढरा उजेड आत झिरपत असे, छतावर पाण्यासारखा हलत असे. आणि त्या उजेडात आई पुन्हा तिच्या उशाशी बसलेली असे. आईला जाऊन अजून वर्षही झालं नव्हतं.

खरं तर तिला दुभाष्याची गरज नव्हती. इथली भाषा ती कॉलेजात शिकली होती, परीक्षेत पहिली आली होती. त्या भाषेतल्या शोकगीताचं रसग्रहण तिला करता येई. नळ गळतोय हे मात्र घरमालकाला हातवारे करून सांगावं लागलं होतं. दवाखान्यात पहिल्या दिवशी काउंटरवरच्या मुलीने तिच्या पोटाकडे पाहिलं, पासपोर्टकडे पाहिलं आणि काही न विचारता डबा जोडून दिला. तिने तोंड उघडेपर्यंत डब्यातून आपली भाषा आली. एवढ्या दिवसांत फोनवरच्या नवऱ्याखेरीज कुणाकडून न ऐकलेली, तीही बाईच्या तोंडची. 'मला तुमची भाषा येते' हे वाक्य जिभेवरच विरघळलं. आणि अशा गोष्टी पहिल्या दिवशी राहिल्या की राहूनच जातात.

दोन्हीकडचं कळत असल्यामुळेच एक गोष्ट तिच्या लक्षात आली होती, जी जगात दुसऱ्या कुणालाच कळली नसती. डब्यातली बाई दिलेला शब्द पाळत नव्हती.

सुईण म्हणाली होती, "पाणी जास्त प्या."

डबा म्हणाला होता, "पाणी पीत जा गं. तहान लागायची वाट बघत बसू नकोस."

सुईण म्हणाली होती, "वजन पुरेसं वाढलेलं नाही."

"अंगाला काही लागत नाहीये तुझ्या. एकटीपुरतं रांधायचा कंटाळा करतेस ना?"

"करते," ती हसून म्हणाली होती. आणि डब्याने सुईणीला गंभीरपणे कळवलं होतं, "मी यापुढे नीट जेवेन."

सुईणीने भुवया उंचावल्या होत्या. "तुमची भाषा फारच लांबलचक आहे."

"बाईंना आपली भाषा लांबलचक वाटते," डबा म्हणाला होता. "वाटू दे."

त्या दिवशी घरी परतताना ट्राममध्ये ती एकटीच हसत होती. समोरच्या म्हाताऱ्याने आपल्या कोटाला काही लागलंय का ते दोनदा पाहून घेतलं.

आज सुईणीने पोटावर पट्टा बांधला आणि बाळाचे ठोके खोलीभर पसरले, पाण्याखाली कुणी भराभर कपडे धोपटत असावं तसे. ऐकता ऐकता पट्टा सैल पडला. त्याचं बक्कल तुटलं होतं. सुईण पुटपुटत दुसरा आणायला बाहेर गेली. डबा सुरूच राहिला.

"तुम्ही आहात?" तिने छताकडे पाहत विचारलं.

 पलीकडे कुणीतरी श्वास घेत होतं.

घरी आई आहे, असं तिने पहिल्याच तपासणीत सांगून ठेवलं होतं. ते नवऱ्याने शिकवलेलं. तो गोदीतल्या कामासाठी आधी इथे आला, मागून ती आली. पोट आणखी वाढलं असतं तर विमानात घेतलं नसतं, म्हणून घाईने आली. आणि ती येते न येते तोच गोदीवाल्यांनी त्याला किनाऱ्यावरच्या दुसऱ्या गावी धाडलं. तिथून तो अधूनमधून येई, एरवी फोन करी.

"राणीसरकार, एकटी राहते म्हणून कुठे बोलू नका हं," तो म्हणाला होता. "इथे एक जण सांगत होता, घरी कुणी नसलं की बाळ आईबरोबर सोडत नाहीत. दुसरीकडे ठेवतात म्हणे."

"काहीतरीच. कोण सांगत होता?"

"वेल्डर आहे एक."

"त्याची बायको झाली होती का इथे बाळंत?"

"त्याच्या मेहुणीचं ऐकलंय त्याने. हसू नकोस. आपण परके लोक, कशाला विषाची परीक्षा घ्या?"

ती तेव्हा हसली खरी, पण ते ऐकलेलं मनात घर करून बसलं. परक्या मुलखात ऐकीव गोष्टींना फार लवकर पाय फुटतात.

"मला आई नाही हो," ती आता डब्याला म्हणाली. "गेली. घरी कुणीच नाही. मी यांना खोटं सांगितलंय. कुणाला तरी खरं सांगावंसं वाटलं, एवढंच."



"बाई खोलीत नसताना मला बोलायची परवानगी नाही," डबा अखेर म्हणाला. आवाज कोरडा होता. पण तिने ऐकलं की पलीकडच्या बाईला त्यानंतर घसा साफ करावा लागला.

मग दिवस जड झाले. सकाळी खिडकीबाहेर धुकं असे, दुपारीही ते तसंच असे, आणि कधी कधी तिला वाटे की हे धुकं बाहेर नाहीच, आपल्याच डोळ्यांत आहे. रस्त्यावरचे दिवे त्यात कापसाच्या गोळ्यांसारखे लोंबत. पाय सुजले. पोटातलं बाळ संथपणे कूस बदली आणि तिला वाटे, आपणही अशाच कुणाच्या तरी पोटात आहोत. बाहेरचे आवाज ऐकू येताहेत, अर्थ कळतोय, पण कुणाला आपण दिसत नाही.

एके दिवशी सकाळपासून डोकं ठणकू लागलं. डोळ्यांसमोर चिलटांसारखे बारीक ठिपके उडत होते. ती ट्रामने गेली, दवाखान्याच्या पायऱ्या कठड्याला धरून चढली. सुईणीने तिला पलंगाच्या कडेवर बसवलं, दंडाला पट्टा आवळला, हवा भरली, सोडली. काही न बोलता पुन्हा भरली. मग डबा जोडला. नमस्कार झाला, पदरचं काही घालणार नाही हेही झालं. आवाज तोच होता.

सुईण बोलू लागली आणि डबा तिच्यामागून. या वेळी त्याने एकही शब्द इकडचा तिकडे केला नाही.

"रक्तदाब बराच वाढला आहे. हे तुमच्यासाठी धोक्याचं आहे आणि बाळासाठीही. घरी रात्रभर तुमच्याजवळ बसणारं, काही वाटलं तर लगेच इथे आणणारं माणूस असेल, तर गोळ्या देऊन आज सोडता येईल. नसेल तर मी तुम्हाला ठेवून घेईन. तुमची आई घरी आहे ना?"

ठेवून घेतील. मग बाळ होईल. मग विचारतील, कुठे आहे तुमची आई? मग बाळ कुणाच्या हातात देतील?

"आहे," ती म्हणाली.

डबा गप्प होता.

"आई आहे घरी," ती जरा मोठ्याने म्हणाली. डोक्यातली शीर उडत होती. "रात्रभर बसेल ती माझ्याजवळ. तिला सवय आहे."

शेवटचं वाक्य तिने खोटं म्हणून म्हटलंच नव्हतं.

खिडकीच्या काचेवर धुकं टेकलं होतं. सुईण डब्याकडे पाहत राहिली. मग डबा बोलला, सुईणीच्या भाषेत, एकेक शब्द सुटा करत.

"माझी आई वारली आहे. माझ्या घरी कुणीही नाही. मला फार भीती वाटते आहे. मला आज घरी पाठवू नका."

ती डब्याकडे पाहतच राहिली. इतक्या दिवसांत त्या भाषेत हे कुणी म्हटलं नव्हतं, तिने मनातल्या मनातसुद्धा. 'हे मी बोललेलंच नाही.' वाक्य तयार होतं, क्रियापदासकट बिनचूक. ते उच्चारायचा अवकाश, की पायऱ्या उतरून ट्राम गाठता आली असती. मग डब्यातल्या बाईचं काय व्हायचं ते झालं असतं. तिने ओठ उघडले. बाळाने आतून सावकाश टाच रोवली, जिथे ते नेहमी रोवत असे तिथेच, फासळ्यांखाली.

सुईणीने डब्याकडे पाठ केली. तिच्या चेहऱ्यासमोर आपला चेहरा आणून तिने हलकेच, स्वतःच्या भाषेत विचारलं,

"हे खरं आहे?"

याचं भाषांतर यायला हवं होतं. ते आलं नाही. डब्यात नुसती खरखर होती आणि त्या खरखरीपलीकडे कुणीतरी श्वास रोखून बसलं होतं.

तिने मान हलवली. हो.

सुईणीने मुक्या डब्याकडे पाहिलं, मग पुन्हा तिच्याकडे. काहीतरी विचारायचं तिच्या ओठांशी आलं असावं. तिने ते विचारलं नाही. ती गुडघ्यांवर खाली बसली आणि सुजलेल्या पायांत रुतलेल्या बुटांच्या नाड्या सोडू लागली.