पश्चिमेसाठी पुन्हा एकदा

पूर्वेकडच्या राज्यांसाठीचा पाचचा कार्यक्रम संपला, स्टुडिओतला लाल दिवा विझला आणि व्हर्ना पियानोसमोरून ताडकन उठली. तिच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला होता.

रॉस मार्बरी, ज्याच्या गोड गळ्यासाठी अख्खी अमेरिका दर बुधवारी रेडिओला कान लावून बसायची, त्यानं तिला शब्द दिला होता, ‘गाण्याआधी तुझं नाव घेतो.’ आणि माइकसमोर काय म्हणाला? ‘दाढी करता करता मला सुचलेली ही चाल!’ चाल व्हर्नाची, शब्द व्हर्नाचे आणि दाढी याची! काय म्हणावं या निगरगट्ट माणसाला!

तिकडे ओहायोत तिच्या बापानं रेडिओभोवती शेजारपाजार गोळा केला होता. ‘आमची पोर गाणी करते,’ असं तो आपल्या बेकरीत येईल त्याला सांगायचा आणि गिऱ्हाइकं तोंडावर हसायची. आज त्यांची तोंडं बंद व्हायची होती.

“अगं, एवढं काय आभाळ कोसळलं?” निर्माता गिब्स म्हणाला. “आठला पश्चिमेसाठी सगळं पुन्हा करायचंच आहे. तेव्हा घेईल नाव.”

“आठचा ओहायोत लागतो का?”

“नाही, तो फक्त इकडच्या राज्यांत. पण नाव ते नाव!”

“डोंबल! माझा बाप तिकडे बसलाय!”

रॉस केसांवरून कंगवा फिरवत आला. “चिडतेस काय, राणी? दोनदा घेतो, मग तर झालं?”

आठला तेच विनोद झाले, ‘हसा’ची पाटी दाखवल्यावर स्टुडिओतल्या प्रेक्षकांत तोच हशा झाला. मग रॉसनं आवाजात साखर घोळली. “ही चाल आमच्या गुणी व्हर्ना स्टॅम्पची!” टाळ्या पडल्या. त्यानं तिला डोळ्यांनी खुणावलं, सुरू कर.

व्हर्नानं हात मांडीवर ठेवले. रेडिओवर शांतता! काचेमागे गिब्स कपाळ बडवायला लागला. ती रॉसच्या माइकपाशी गेली.

“पाच वाजता ही चाल तुझी होती, रॉस. खोटं कधी बोललास, तेव्हा की आत्ता?”

रॉसनं घाईघाईनं व्हायोलिनवाल्याला खूण केली. त्या भल्या माणसानं व्हायोलिन खाली ठेवलं. शेवटी रॉस एकटाच गायला लागला आणि वरच्या सुरावर त्याचा आवाज चिरकला. व्हर्ना कोट घेऊन निघून गेली. नोकरी गेली तर गेली, खड्ड्यात!

पश्चिमेनं सगळं ऐकलं. ओहायोला त्यातलं अक्षरही ऐकू गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं बेकरीत फोन लावला आणि घडलेलं सगळं एका दमात सांगितलं. मागे गिऱ्हाइकांची बडबड चालू होती. त्यांना ऐकू जाऊ नये म्हणून बापानं आवाज खाली आणला.

“हो गं बाळ,” तो म्हणाला. “असंच झालं असणार. जिवाला लावून घेऊ नकोस.”

लहानपणी ती पडली की तो याच आवाजात तिची समजूत काढायचा.