पहिली टोपली आपली नसते

पहिली टोपली आपली नसते, हे मी सोमवारी सकाळीच सांगून टाकते. मुलांच्या हातात अजून पान आलेलं नसतं, तेव्हाच. नंतर सांगितलं की रडारड होते, हे मी पहिल्याच वर्षी शिकले.

जुलैच्या सुट्टीत आमच्या सभाघरामागच्या जेवणघरात हे चालतं. पत्रकावर त्याला 'बाल-किशोर कलाशिबिर' असं भारदस्त नाव असतं, गावात म्हणतात, "घरात लोळत पडण्यापेक्षा हेनीकडे जा." हेनी म्हणजे मी. सोमवार ते शुक्रवार, नऊ वर्षांपासून पंधरा वर्षांपर्यंतची मुलं, आणि हाराकेके या वाखाच्या झुडुपाची हिरवी, तलवारीएवढी लांब पानं. पानं चिरून पट्ट्या काढायच्या, शिंपल्याने घासून मऊ करायच्या, बुडाशी वेणी घालून टोपली वर विणत न्यायची आणि काठावर पुन्हा वेणी घालून मिटवायची. आयुष्यातली पहिली टोपली ज्याने केली त्याने ठेवायची नाही, देऊन टाकायची. ही रीत माझ्या पणजीच्याही आधीची. झाली की त्याच दिवशी द्यायची, करणाऱ्याच्या घरात तिने एक रात्रही काढायची नाही, हे शेवटचं कलम मात्र मीच जोडलेलं. मुलं टोपल्या घरी नेत आणि पलंगाखाली विसरत, म्हणून.

खरं सांगायचं तर मला ही रीत सांगण्याचा अधिकार नाही. मला कोणी शिकवलं नाही. आईला येत होतं, पण ती म्हणायची, याने पोट भरत नाही, टायपिंग शीक. ती गेल्यावर तिचीच एक जुनी टोपली एकेक पट्टी उलगडत मी शिकले. सगळं उलटं शिकले, शेवटाकडून सुरुवातीकडे. पहिली द्यायची असते हे सांगायलाही कोणी नव्हतं, त्यामुळे माझी पहिली अजून माझ्याच घरी आहे. कपड्यांचे चिमटे ठेवते तिच्यात.

यंदा दहा मुलं होती. पानं कापायला नेलं तेव्हा दरवर्षीचं सांगितलं, की झुडुपाच्या मधलं कोवळं पान म्हणजे बाळ, त्याच्या दोन बाजूंना आईबाप. या तिघांना हात लावायचा नाही. कापायचे ते बाहेरचे आजी-आजोबा.

"आमच्या घरासारखंच," तामाटी म्हणाला. तो अकराचा, आजीकडे राहतो. "आईबाप असतात कुठेतरी. घासलं जायचं काम आजीचं."

सगळे हसले. मिहियाही हसली, जरा उशिरा.

मिहिया तेरा वर्षांची. आजोबांजवळ राहते, हामी आजोबांजवळ. तिची आई रोवीना दोन वर्षांपूर्वी समुद्रापलीकडे, पर्थच्याही वरच्या अंगाला कुठल्याशा खाणीवर स्वयंपाकाला गेली. तीनशे माणसांचा नाश्ता पहाटे चारला. फोन येतो, खोकी येतात, मिहियाच्या पायात तिकडचे बूट असतात. रोवीना स्वतः मात्र या दोन वर्षांत आली नव्हती. आता शुक्रवारी येणार होती. विमानाने गिझबर्न शहरापर्यंत, तिथून तीनच्या बसने गावात, आणि रविवारी परत. हे सगळं दुकानदारापासून पाद्र्यापर्यंत सर्वांना मिहियानेच सांगून झालं होतं, त्यामुळे तिची पहिली टोपली कोणाची हे विचारायचं कारणच नव्हतं.

अडचण अशी झाली की पोरीचा हात चांगला निघाला. इतरांची टोपली मंगळवारी बुडालाच तिरकी होते, मग मी उलगडते, मग ते रुसतात. मिहियाची एकदा दाखवल्यावर सरळ वर चढत गेली. ओंजळीपेक्षा थोडी मोठी, पट्टी न् पट्टी जागच्या जागी. बुधवारी दुपारी काठापर्यंत आली. एक वेणी घातली की झाली. आणि झाली की त्याच दिवशी द्यायची.

तिथे ती थांबली. मग मी पाहिलं, ती वरच्या चार ओळी उलगडत होती. उलगडून पुन्हा विणल्या. पुन्हा उलगडल्या. घरी जाताना टोपली ओल्या टॉवेलात गुंडाळून, तान्ह्या बाळासारखी छातीशी धरून घेऊन गेली. गुरुवारीही तेच. तामाटीची तोवर पूर्ण होऊन दुकानदारीणबाईंना देऊनही झाली होती. बाईंनी तिच्यात लगेच लसूण ठेवला आणि टोपली एका बाजूला कलंडली. तामाटीचं म्हणणं, ती कलंडण्यासाठीच बनवली आहे, लसूण आपोआप हातात यावा म्हणून.

गुरुवारी दुपारी मी मिहियाजवळ जाऊन बसले. पट्ट्यांच्या कडांना तंतू सुटायला लागले होते. पान कापलं की ते सुकायच्याच वाटेला लागतं, टॉवेल दोन दिवस फसवतो, फार तर तीन. मी म्हटलं, आता पुरी कर. आज वेणी घाल, रात्रभर तुझ्या घरी राहू दे, उद्या आईला दे. त्याच दिवशी द्यायचं हे काही पणजीने सांगितलेलं नाही, मीच घुसडलंय. माझा नियम मी मोडायला तयार आहे.

तिने माझ्याकडे पाहिलं. असं पाहिलं की मलाच कॉपी करताना पकडल्यासारखं वाटलं.

"मग बाकीच्यांना का सांगितलंत?"

"चुकलं माझं."

"नाही मावशी. तिला द्यायची तर नीट द्यायची. तिला म्हणायचंय मला, की आत्ता झाली."

मी तिला घासायला आणखी एक शिंपला दिला आणि उठले.

गुरुवारी संध्याकाळी पाऊस लागला आणि शुक्रवारी सकाळी खिंडीत दरड कोसळली. आमच्या किनाऱ्याला हे नवीन नाही. एकच रस्ता, त्यावर वर्षातून चार वेळा डोंगर येऊन बसतो, आणि डोंगरावर कापून ठेवलेले पाइनचे ओंडके बरोबर घेऊन येतो. दुपारी बारालाच कळलं, बस येणार नाही. रोवीना सकाळच्या विमानाने उतरली होती. गिझबर्नला, म्हणजे दीड तासावर. तिने हामी आजोबांना फोन केला, मग मिहियाशी बोलली. मिहिया जेवणघराच्या दारात फोन कानाला लावून उभी होती आणि "हं" एवढंच म्हणत होती. रस्ता सोमवारी उघडेल असं सांगत होते. रविवारी रोवीनाचं विमान. ते चुकलं तर खाणीवरची जागा जाते. तिथे बदलीला माणसं रांगेत असतात.

तीन वाजता बाकीच्यांनी आपापल्या टोपल्या घेतल्या. कोणाची आत्याला, कोणाची शाळेच्या बसवाल्याला. मिहियाने आपली टॉवेलात गुंडाळली. मला वाटलं, आता ती टोपली झुडुपाखाली ठेवून देईल. उरलेलं पान आम्ही तिथेच परत देतो. पण तिने विचारलं, "मावशी, उद्या सकाळपर्यंत टिकेल?"

मी म्हटलं, टिकेल. मला माहीत नव्हतं.

शनिवारी उजाडायच्या आत हामी आजोबांनी गाडी काढली. दरड जिथे आहे तिथवर तर जाऊ, म्हणाले, बंद रस्ताही बघून तर येऊ. मला वाटेत घेतलं. आजोबा फारसे बोलत नाहीत. वळणावळणावर घसा साफ करतात, तेच त्यांचं बोलणं. मिहिया मध्ये बसली होती, मांडीवर टॉवेल.

खिंडीत रस्ता मध्येच संपला. पुढे लाल चिखलाचा मोठा ढीग, त्यात ओंडके खुपसलेले, आणि वर एक पिवळं यंत्र माती उपसत होतं. एका अंगाला नदी फुगून धडधडत चाललेली. त्या ढिगापलीकडे, दोनशे पावलांवर, रस्ता पुन्हा सुरू होत होता. तिथे रस्त्याच्या कामाचा एक ट्रक उभा होता, आणि ट्रकजवळ लाल जाकिटातलं कोणीतरी. जाकीट दोन्ही हात हलवत होतं.

रोवीना पहाटे त्या ट्रकवाल्यांना गळ घालून आली होती; दरडीपलीकडून तोंड तरी दाखवते, असं ती शुक्रवारी फोनवर म्हणाली होती. तिकडे फोन लागत नाही. हाक मारावी तर यंत्र आणि नदी मिळून ती खाऊन टाकत. मिहियाने हात वर केला, तेवढ्यात खाली केला आणि धावत गाडीच्या मागे आली. गाडीची मागची फळी खाली पाडली, तिच्यावर टोपली ठेवली आणि वेणी घालायला बसली.

पट्ट्या कडक झाल्या होत्या. तिसऱ्या पेडालाच एक कटकन तुटली. मी हात पुढे केला.

"तुम्ही नका," ती म्हणाली.

बरोबरच होतं. दुसऱ्याचा हात लागला की पहिली कसली? मी हात खिशात घातले. दुसरी पट्टी चिरत गेली. मिहियाचा ओठ दाताखाली. पलीकडचं लाल जाकीट आता हलत नव्हतं. काय चाललंय ते बघत असावं. तेव्हा हामी आजोबांनी थर्मास उघडला आणि आमच्या वाटणीचा सगळा चहा, कोमट झालेला, हळूहळू टोपलीच्या काठावर ओतला. पाच मिनिटं थांबा, म्हणाले. खिंडीत आल्यापासूनचं ते त्यांचं पहिलं वाक्य.

पाच मिनिटांनी पट्ट्या वळायला लागल्या. मऊ नाही, पण वळायला. जिथे तुटली होती तिथे तिने शेजारची पट्टी आत ओढून घेतली. मी शिकवलं नव्हतं. वेणी काठावरून फिरत आली, सुरुवातीला भेटली, तिने गाठ मारली आणि सुटी टोकं दातांनी तोडली. कात्री आणायची मीच विसरले होते.

"झाली," ती म्हणाली. मला नाही, तिकडे तोंड करून.

आमच्या बाजूला थांबा-जा अशी पाटी घेऊन पाओरा उभा होता. नारिंगी कोट, दाढीला चिखल. आठ वर्षांपूर्वी तोही माझ्या जेवणघरात तिरकी बुडं करत होता. यंत्राच्या चाकोरीतून कामाच्या माणसांना जाता येतं, इतरांना नाही. एका पावलावर चिखल गुडघाभर, दुसऱ्या पावलावर कमरेएवढा. मिहियाने त्याच्यासमोर टोपली धरली आणि मग मागे घेतली. तिच्या मनात काय आलं ते मला कळलं, त्यालाही कळलं. त्याच्या हातात दिली तर ती त्याला दिली असं होईल का.

"मला नाही देत आहेस तू," पाओरा म्हणाला. "मी आज माणूस नाही. रस्ता आहे. ठेव."

तिने ठेवली.

तो गेला. ओंडक्यांवरून, चिखलातून, एकदा मांडीपर्यंत रुतला तेव्हा टोपली डोक्यावर धरून उभा राहिला आणि यंत्रवाल्याने त्याला दोन शिव्या दिल्या असाव्यात. पलीकडे पोहोचला. लाल जाकिटाने दोन्ही हातांनी टोपली घेतली आणि तोंड तिच्यात खुपसलं. किती तरी वेळ तोंड बाहेर आलंच नाही.

"रडते आहे का ती?" मिहियाने विचारलं.

माझा दूरचा चष्मा घरी होता. मी म्हटलं, वास घेते आहे. ताज्या पानाचा वास तिकडे कुठे मिळणार.

"चहाचा येईल," मिहिया म्हणाली.

पाओराने परत येताना यंत्रवाल्याला काहीतरी सांगितलं. त्या माणसाने घड्याळ दाखवलं, दोन बोटं वर केली, आणि यंत्र बंद केलं. एकदम शांत झालं. नदी होती, पण ती एकटी काही एवढी मोठी नव्हती. दोन मिनिटं मिळाली होती. इकडे ही, तिकडे ती. दोन वर्षांचं बोलायचं होतं, त्यातलं आधी काय काढावं हे सुचत नसावं. हामी आजोबांनी घसा साफ केला.

मग पलीकडून हाक आली. बारीक, पण स्पष्ट.

"जेवलीस का गं?"

सकाळचे साडेनऊ झाले होते. आम्ही अंधारात निघालो होतो, पोटात काहीही नव्हतं, आणि चहा टोपलीत गेला होता.

"जेवले!" मिहिया ओरडली. "तू?"

"जेवले!"

मिहियाने पुढचं बोलायला तोंड उघडलं. यंत्र सुरू झालं.