दोन चमचे कोरडी चिया

मी चियाचा एक दाणा. आवाज मुळातच बारीक, त्यात भीतीनं आणखी बारीक झालाय, तेव्हा थोडं जवळ येऊन ऐका. तुमच्या घरच्या सब्जासारखाच मी दिसतो, फक्त रंगानं करडा आणि अंगावर ठिपके. नातं लांबचं आहे.

माझा जन्म मेक्सिकोतल्या आकातिक गावचा, सिल्वेरिओच्या शेतातला. जुलैत पेरणी झाली, ऑक्टोबरात निळी फुलं आली. एका बोंडीत आम्ही चौघे भाऊ. पहिली भीती वाऱ्याची. तुरा हलला की वाटायचं, आता गळून पडतो आणि मुंग्या ओढून नेतात. मग विळा आला. मग ताडपत्रीवर घालून काठ्यांनी झोडपलं. उपणताना माझे दोन भाऊ वाऱ्यावर गेले, ते कुठे पडले देव जाणे. मी आणि धाकटा तेवढे पोत्यात पोचलो, आणि पोत्यातून सिल्वेरिओच्या बायकोच्या, तोमासाच्या, स्वयंपाकघरातल्या काचेच्या बरणीत.

बरणीतून बाहेरचं सगळं दिसायचं, हीच पंचाईत होती. तोमासा मक्याच्या भाकरीच्या पिठात आमची मूठ टाकायची. पपईच्या फोडींवर चिमूटभर भुरभुरायची. रोज सकाळी काचेच्या उंच भांड्यात पाणी, लिंबू आणि दोन चमचे चिया. चमचा आत आला की आम्ही सगळे तळाशी दबून बसायचो. भांड्यात पडलेले दाणे अर्ध्या तासात फुगायचे, त्यांच्याभोवती बुळबुळीत पारदर्शक कवच चढायचं, आणि मग ते ओळखू येईनासे व्हायचे. एकही परत आला नाही.

हा सगळा खटाटोप सिल्वेरिओसाठी होता. त्याला साखरेचा आजार निघाला होता. गावच्या दवाखान्यातल्या डॉक्टरनं गोड पाव बंद केला, बाटलीतला सोडा बंद केला, रोज चालायला सांगितलं. तिथल्या नर्सबाईनं तोमासाला हळूच सांगितलं, "चिया भिजवून देत जा. पोट भरलेलं राहतं, गोडाकडे हात कमी जातो." तेवढं तोमासानं घट्ट धरलं.

सिल्वेरिओ मात्र चाळीस वर्षं चिया पिकवूनही तिला तोंड न लावणारा माणूस. "चिया पेरायची आणि विकायची," तो म्हणायचा. "खायची ती शहरातल्या बारीक बायांनी. बेडकाची अंडी गिळायला मी काय बगळा आहे?"

"बगळा सडसडीत असतो," तोमासा म्हणायची. "तू रेडा आहेस. पी मुकाट्यानं."

तो पेला घेऊन खिडकीशी जायचा आणि रिकामा पेला आणून द्यायचा. दोन महिने असं चाललं. तोमासा खुशीत होती.

मे महिन्यातल्या एका दुपारी, जेवणं व्हायची होती तेव्हा, ती खिडकीतल्या जिरेनियमला पाणी घालायला गेली आणि तिथेच थांबली. कुंडीत मातीच दिसत नव्हती. कोवळ्या हिरव्या रोपांची दाट गादी उगवली होती. शेतकऱ्याची बायको ती, चियाचं रोप तिला ओळखू येणार नाही असं कसं होईल?

"सिल्वेरिओ," ती वळून म्हणाली, "ह्या कुंडीला साखर कधी झाली?"

तो हसला. ती हसली नाही. ती खुर्चीवर बसली, आणि बराच वेळ टेबलावरचं कापड हातानं सारखं करत राहिली.

"फाऊस्तोचा पाय मी धुतलाय," ती म्हणाली. फाऊस्तो तिचा थोरला भाऊ. साखरेनं आधी त्याचा अंगठा गेला, मग घोट्यापर्यंत पाय, मग तोच. "रोज धुतलाय. तुझा धुवायचं माझ्याच्यानं होणार नाही. मला तेवढं बळ उरलेलं नाही, म्हाताऱ्या."

लाज वाटली की सिल्वेरिओ नेहमी काहीतरी धसमुसळं करून बसतो. तो उठला, बरणीचं झाकण काढलं आणि चमचा खुपसला. त्या चमच्यात मी होतो. धाकटाही होता.

"हे बघ, तुझ्यासमोर खातो. आता रडू नकोस."

"अरे, थांब, भिजवून..."

तिचं बोलणं पुरं व्हायच्या आत कोरडे दोन चमचे त्याच्या तोंडात गेले होते, आणि वर तो घटाघटा पेलाभर पाणी प्यायला.

मी वाचलो ते केवळ त्याच्या डाव्या दाढेतल्या फटीमुळे. लोंढ्यातून वाहत जाताना मी तिथे अडकलो. धाकटा बाकीच्यांबरोबर खाली गेला. आणि मग, ज्याची मला बरणीत असल्यापासून भीती होती, ते एका माणसाच्या अंगात सुरू झालं. आमच्या जातीला पाणी मिळालं की थांबता येत नाही. अंगाच्या कितीतरी पट पाणी आम्ही ओढून घेतो. माझंही अंग फुगलं, बुळबुळीत झालं. खाली अन्ननळीत ते हजारो एकमेकांना चिकटून एक गोळा होत होते. मला ओरडून सांगायचं होतं, की बाबांनो, पसरू नका, इथे जागा नाही. पण ते तरी काय करणार होते?

सिल्वेरिओनं छातीवर हात दाबला. "अडकलंय," तो म्हणाला.

"पाणी पी," तोमासा घाबरून म्हणाली, आणि तिनं आणखी एक पेला पाजला. मग अजून एक. पाणी खाली उतरलंच नाही. सगळं तोंडातून परत आलं. श्वास चालू होता, पण थुंकीसुद्धा गिळता येईना. त्याचं तोंड लाळेनं भरायचं, तो फडक्यात थुंकायचा, पुन्हा भरायचं. मी दाढेत बसून त्या पुरात बुडत होतो आणि त्याच्या छातीचे ठोके मला हाडातून ऐकू येत होते.

त्यांची मुलगी नेलिदा गल्लीच्या दुसऱ्या टोकाला राहते. ती गाडी घेऊन आली. "पप्पा, पुढे बसा. वाकून बसा. काही बोलू नका."

पण अर्ध्या वाटेत तो बोललाच. "कोंबड्या बाहेर राहिल्या," तो म्हणाला. "दुपारचा घारीचा फेरा असतो." मागे बसलेल्या तोमासानं त्याच्या खांद्याला धरलं. ती पुटपुटत होती, ती प्रार्थना असावी. पण मध्येच मला नीट ऐकू आलं, "मीच मागे लागले. मीच."

मोठ्या गावच्या इस्पितळातली डॉक्टरीण तरुण होती. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "नंतर वरून पाणी दिलंत का?"

"दोन पेले," तोमासा म्हणाली, आणि तिचा चेहरा असा झाला की मुलीनं तिला खुर्चीत बसवलं. "म्हणजे मीच वाढवलं का ते?"

"तुम्हाला काय माहीत, आजी? कुणालाही हेच सुचलं असतं. आता आम्ही नळी घालून बघतो."

आत नेण्याआधी सिल्वेरिओनं तोमासाचा हात ओढला. फडकं तोंडावरून बाजूला केलं. "तू नीट भिजवून देत होतीस," तो म्हणाला. "मी ओतत होतो. हे तू स्वतःला लावून घेऊ नकोस." एवढ्यानंच तो दमला.

मग त्याचं तोंड उघडं ठेवणारी पट्टी बसवली, आणि माझ्या अंगाला घासून एक काळी नळी खाली गेली. तिच्या टोकाला दिवा होता. आयुष्यात इतका उजेड मी पाहिला नव्हता, आणि इतका थरकापही कधी झाला नव्हता. डॉक्टरीण हळू आवाजात म्हणत होती, "सिमेंट झालंय नुसतं. सावकाश. थोडं थोडं फोडून पोटात ढकलू." किती वेळ गेला मला सांगता येणार नाही. धाकटा त्यातच होता. अखेर नळी निघाली, पट्टी निघाली. सगळे थांबून बघत होते. सिल्वेरिओनं थुंकी गिळली.

ती खाली गेली. मी त्या दाढेत बसून ऐकली.

दुसऱ्या दिवशी सकाळी, घरी परतल्यावर, अंगणातल्या धुण्याच्या दगडी कुंडाशी त्यानं दात घासले आणि मी फटीतून सुटून कुंडाच्या भिंतीला आपटलो. अंगावरचं कवच वाळलं आणि त्यानंच मला दगडाला डिंकासारखं चिकटवून टाकलं. आज आठवा दिवस. खाली दोन बोटांवर पाणी जायचं भोक आहे. बादली ओतली जाते तेव्हा मी दगडाला घट्ट धरतो आणि प्रत्येक वेळी वाटतं, आता सुटलो.

इथून स्वयंपाकघराचं दार दिसतं. चिया घरातून गेलेली नाही. उलट सिल्वेरिओ आता ती स्वतः भिजवतो. पाणी आधी, दाणे मग, ढवळतो, आणि अर्धा तास भांड्यापुढे बसून राहतो, दूध उतू जाईल म्हणून बसावं तसा. तोमासा अजून घाबरते. त्यानं पेला उचलला की तिच्या हातातलं काम थांबतं आणि नजर त्याच्या गळ्यावर जाते. त्याला ते कळतं. म्हणून तो एक घोट घेतो, गिळतो, आणि वाट मोकळी आहे हे तिला कळावं म्हणून मोठ्यानं म्हणतो, "तोमासा."

ती मान हलवते. मग दुसरा घोट.

"तोमासा."

तुम्हीही मला खा, माझी ना नाही. पपईवर टाका, पिठात मळा, लिंबूपाण्यात घाला. फक्त मला कोरडा गिळून वर पाणी पिऊ नका. माझा पाण्याचा हव्यास बाहेर, पेल्यात पुरा होऊ द्या. तुमच्या आत तो सुरू झाला तर मला थांबता येणार नाही.

नेलिदा बादली घेऊन येतेय. आज ती काठोकाठ भरलेली आहे. आत तिसरा घोट गेलाय, आणि मी ऐकतोय.

"तोमासा."