शेवटच्या रिळातला आर्गॉन

आमच्या गंगेकाठच्या मंगला गौरीच्या गल्लीत टीव्हीवरचा रविवारचा सिनेमा शेवटपर्यंत दिसला असेल तर शप्पथ! ऐन मारामारीत बत्ती गुल. मग पोरं माझ्याभोवती गोळा, "आजी, पुढे काय?" मी काय, न पाहिलेला शेवट ठोकून द्यायची. हिरो मगरीवर बसून गंगा पार! सोमवारी सगळी गल्ली तोच खरा धरायची.

त्र्याण्णव साली माझी नात कस्तुरी दहावी झाली. तिला डॉक्टर व्हायचं होतं. पण अकरावीत सायन्स मिळायला शाळेत तोंडी परीक्षा, अन् रसायन काही डोक्यात शिरेना. रडायला लागली. मी तिचं पुस्तक चाळलं न म्हटलं, "अगं, हा तर सिनेमाच! सोडियम न क्लोरीन म्हणजे मेळ्यात हरवलेले भाऊ. एकाकडे लॉकेट जास्तीचं, दुसऱ्याकडे एक कमी. यानं दिलं, त्यानं घेतलं, गळाभेट. झालं मीठ!"

"आणि आर्गॉन?"

"तो हवेलीतला ठाकूर. काही कमी नाही, काही जास्त नाही. कुणाच्या दारी जात नाही."

पोर खुदकन हसली. आठ दिवसांत सगळं तोंडपाठ. तिथंच गप्प बसावं की नाही मी? पण सवय मेली! म्हटलं, "शेवटच्या रिळात ठाकूरही पाघळतो बरं. सोडियमला मिठी मारतो."

तिनं परीक्षेत तेच सांगितलं, अगदी ठासून. परीक्षक हसले, मागच्या मुली हसल्या. पुढच्या एका प्रश्नालाही तिच्या तोंडून शब्द फुटला नाही.

संध्याकाळी तिच्या शाळेतल्या बाई, पद्मा बहनजी, घरी आल्या. या हिंदी मुलखात आपल्यातल्याच, मराठी. म्हणाल्या, "हुशार मुलगी आहे. हिला कुणी चुकीचं शिकवलं असेल तर सांगा, मी पुन्हा परीक्षा घेते."

समोर सूनबाई उभी. तिनं आधीच बजावलं होतं, "सासूबाई, पोरीच्या अभ्यासात पडू नका." माझ्या तोंडून निघालं, "कुणास ठाऊक बाई! हल्लीची पोरं, सिनेमे बघतात."

कस्तुरी तिथंच होती. माझं नाव घेतलं नाही तिनं.

तिसऱ्या दिवशी गुडघे धरत शाळा गाठली. "बहनजी, तो शेवट माझा हो. मीच जोडला. पोरीचा दोष नाही."

त्या हसल्या. "नातीसाठी काय काय रचाल, आजी!"

"देवाशप्पथ खरं सांगते."

"तुमचं खरं कुठलं, ते गल्लीत आजवर कुणाला कळलंय का?" खांद्यावर हात ठेवून त्यांनी मला फाटकापर्यंत आणून सोडलं.

घरी कस्तुरी आर्ट्सचा फॉर्म भरत बसली होती. मी सगळं सांगितलं. कुठं गेले, काय बोलले. ती फॉर्म भरतच राहिली. माझ्याशी जन्मभर मराठीत बोलणारी पोर, हिंदीत म्हणाली, "रहने दो, आजी."