बुजवलेली खिडकी

गवंड्याचं लग्न झालेलं नव्हतं, त्यामुळे त्याचा डबा रोज वहिनीच भरून देई. चुलीपासून दारापर्यंत सात पावलं. त्या सकाळी ती चौथ्या पावलावर थांबली, भिंतीला हात टेकून, ओठांचा चंबू करून तिने श्वास सोडला आणि मग उरलेली तीन पावलं चालली.

"वहिनी, हे काय नवीनच?"

"काही नाही हो भाऊजी. वय झालं."

वय झालं म्हणे! अठ्ठेचाळिसाव्या वर्षी? तिच्या मागे तिची नवी सून खोकत उभी होती. तिला या घरात येऊन सात महिने झाले होते आणि त्यातले चार ती खोकत होती. त्याचं कुणाला काही वाटत नव्हतं. या घरच्या बायका खोकायच्याच.

थोरल्या भावाची, दादाची, लाकडाची वखार होती. चुलीला लाकूड घरचं, धूर फुकटचा. गॅसवरचं अन्न दादाच्या घशाखाली उतरत नसे. धुराला बाहेर जायला पूर्वी एक खिडकी होती. पण मागच्या गल्लीत सलून निघालं, बाहेर बाकावर पुरुष बसू लागले आणि आपल्या बायका लोकांच्या नजरेला पडतील म्हणून दादाने ती बुजवून टाकायला सांगितली. वीस वर्षं झाली त्याला. बुजवली कुणी? गवंड्यानेच. नुकतं काम शिकला होता, म्हणून हौसेने, ओळंबा लावून. दादाने पाठही थोपटली होती.

दादाचं न ऐकता त्याने वहिनीला दवाखान्यात नेलं. डॉक्टरबाईंनी तिला एका नळीत फुंकायला लावलं, छातीचा फोटो काढला आणि विचारलं, "विडी-सिगारेट ओढता?"

"अगंबाई! काहीतरीच काय!"

"मग चूल." बाईंनी फोटो उजेडात धरला. "छातीखाली एक पडदा असतो. तो खाली सरकला की छातीत जागा होते, हवा आपसूक आत येते. तो सैल पडला की फुफ्फुसं स्वतःच्या ताणाने आक्रसतात आणि हवा बाहेर जाते. यांचा तो ताणच गेलाय, जुन्या इलॅस्टिकसारखा. शिळी हवा आत अडकून बसते. ताजी मावणार कुठे? शिवाय आत बारीक बारीक खोल्या असतात, कोट्यवधी. धुराने त्यांच्या मधल्या भिंती पडल्यात. दहा खोल्यांची एक झालीय."

"मग बरंच की," गवंडी बोलून गेला. "ऐसपैस झालं."

बाई हसल्या नाहीत. "इथं खोलीला किंमत नाही, भिंतीला आहे. भिंतीच्या एका अंगाला हवा, दुसऱ्या अंगाला रक्त. प्राणवायू भिंतीतून रक्तात जातो, रक्तातला कार्बन डायऑक्साइड भिंतीतूनच हवेत येतो. भिंत पडली की देवघेव बंद."

"पण परत बांधता येतात ना?"

"नाही. उरलेल्या तेवढ्या जपायच्या. धुरात जायचं नाही. तुमच्या घरात आणखी कोण स्वयंपाक करतं?"

गवंड्याला सुनेचा खोकला आठवला. जन्मभर त्याने भिंती बांधल्या होत्या, आणि जिथे गरज होती तिथे त्याला एक वीतसुद्धा बांधता येत नव्हती. स्वतःचीच चीड आली त्याला.

घरी येऊन त्याने हातोडा-छिन्नी काढली. दादा पानावरून उठून बुजवलेल्या खिडकीपुढे उभा राहिला.

"घराची अब्रू चव्हाट्यावर मांडतोस? आपल्या आईने जन्मभर याच चुलीवर रांधलं!"

"आणि आई कशाने गेली, दादा?"

"दम्याने गेली. त्याचं इथं काय?"

सगळं डोळ्यांसमोर असून माणसाला दिसत नाही, तेव्हा कपाळ बडवून घ्यावंसं वाटतं. गवंड्याने छिन्नी उचलली, पण दादा हलेना.

नवऱ्यापुढे कधी चकार शब्द न काढलेली वहिनी तेव्हा उठली. दोनदा थांबत ती दादापर्यंत आली.

"बाजूला व्हा," ती म्हणाली. मग दम घेतला. "माझं झालं. पोरीला तरी... श्वास घेऊ द्या."

दादा काहीतरी पुटपुटला, पण सरकला.

पहिला घाव बसला, वीट हलली नाही. दुसरा, पाचवा, दहावा. काय चोख काम केलं होतं गाढवाने! गवंडी स्वतःच्याच हातांना शिव्या घालत होता. अखेर एक वीट निखळली, मग तिच्या शेजारची. उजेड आत आला आणि चुलीवरचा धूर वळून त्या भोकाकडे निघाला. धूर ओसरला तशी सुनेने छाती भरून श्वास घेतला.

खिडकी पुरती मोकळी झाल्यावर वहिनी चौकटीला टेकून बाहेर बघू लागली. बायकांना त्या गल्लीत जायची मुभा नव्हती. वीस वर्षांनी ती गल्ली बघत होती.

"भाऊजी, सलून कुठंय?"

समोर गंजलेलं शटर होतं. त्यापुढे बाक नव्हता.

"ते... बंद झालं, वहिनी. नऊ वर्षं झाली."

वहिनीने दादाकडे बघितलं, मग गवंड्याकडे. दादाची वखारीला आणि गवंड्याची कामावर जायची वाट त्याच गल्लीतून होती. दोघेही रोज तिथून जात-येत.

"नऊ वर्षं," वहिनी म्हणाली. तिला पुढे आणखी काही बोलायचं होतं, पण तेवढा श्वास तिच्यापाशी नव्हता. गवंडी मान खाली घालून घमेल्यात विटा भरू लागला.