लाल टोपीचा फ्लेक्स

माणसाला हौस असावी, पण गोपालसारखी नसावी बापा! चाचणी रविवारी, आणि ह्या गड्यानं शुक्रवारीच चौकात फ्लेक्स टांगला. ‘लाल टोपीत निवड झाल्याबद्दल कु. आचल हिचे हार्दिक अभिनंदन.’ पोरीचा फोटो तळहाताएवढा, वॉर्डातल्या भाऊंचा पुरुषभर, खाली शुभेच्छुकांची मुंडकीच मुंडकी. उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग!

“अवो, चाचणी तं होऊ द्या,” माधवी नवऱ्याला म्हणाली.

“होतेच ना ते! दर्यापूरच्या विहिरीत उड्या मारत वाढलो मी. माही पोरगी कावून मांगं राहीन?”

अमरावतीच्या त्या क्लबात पोहणाऱ्या पोरांच्या तीन पायऱ्या होत्या. पाण्यात नवी ती पिवळी टोपी, हातपाय नीट चालले की निळी, आणि स्पर्धेला नेण्याजोगी झाली की लाल. लाल टोपीत मुलींची एकच जागा रिकामी होती, आणि पुढच्या महिन्यात लाल टोपीवाल्या मुली अकोल्याला स्पर्धेला जाणार होत्या. निळीतून चाचणी देणाऱ्या दोघी, आचल आणि तिची जिवाभावाची मैत्रीण पौर्णिमा.

माधवी कठड्याशी उभी राहून बघत होती. आठ फेऱ्या, मधे थांबायचं नाही, तळाला पाय लावायचा नाही. पौर्णिमा आधी उतरली. संथ, पण न थांबता पार झाली आणि कपडे बदलायला गेली. मग आचल. अर्ध्याच्या पुढे गेली, खोकली आणि चक्क उभी राहिली. बाहेर येऊन आईला म्हणाली, “पौर्णिमाच जाईन अकोल्याले. मी पुढच्या बारीले.” वाईट वाटलं होतं पोरीला, पण मनात काळं नव्हतं. माधवीला तिचा इतका अभिमान वाटला की डोळेच भरून आले.

गोपालचं मात्र तोंड उतरलं. फ्लेक्स काढायचा म्हणजे भाऊंना खाली उतरवायचं, आणि ती हिंमत कोणाच्या बापात नव्हती. संध्याकाळी तो भाऊंनाच घेऊन क्लबात पोहणं शिकवणाऱ्या अमोल सरांकडे गेला. सर आधी नाही म्हणाले. मग चहा झाला. मग पोरगी खोकली म्हणजे तब्येतीचं कारण धरता येईल, असं निघालं. सोमवारी लाल टोपी आचलला मिळाली.

“मले नको ते टोपी,” आचल रडत म्हणाली. “मी उभी राह्यली होती, बाबा.”

“सारं गाव फ्लेक्स पाहून राहिलं. तू उभी होती का आडवी, कोण विचारते?”

माधवीनं नवऱ्याला त्या दिवशी जे सुनावलं ते इथं सांगण्यासारखं नाही. लाज विकून खाल्ली का, इथून तर सुरुवात होती. सकाळी आपण स्वतः जाऊन सरांना टोपी परत करायची, असं तिनं ठरवूनही टाकलं.

सकाळी ती निघणार, तोच पौर्णिमाची आई दारात. मैनाबाई दवाखान्यात आया होती, रातपाळी करून सरळ आली होती, आणि पिशवीत पेढ्यांचा पुडा. “नाव काढलं पोरीनं!” म्हणत तिनं आचलच्या हातावर पेढा ठेवला. आचल तो तसाच धरून उभी राहिली.

मग मैनाबाईनं आवाज खाली केला. “ताई, आमच्या पौर्णिमाचं काय चुकलं असन वं? कालपासून जेवली नाई. चाचणीच्या दिवशी मी ड्युटीवर होती, तुमी तिथं होत्या. तुमी सांगसान तं समजावीन तिले.”

खरं अगदी ओठावर आलं होतं. पण मागं गोपाल उभा होता, चौकात भाऊ लटकत होते, आणि उद्या गावभर छी-थू होणार होती. माधवीच्या तोंडून निघालं, “दम कमी पडला वं तिचा. हात चांगले चालते, पण दम नाई.”

“असं होय? मंग सरचं बरोबरच आहे,” मैनाबाई म्हणाली. “पळायले पाठवीन तिले सकाळी.” आणि पायऱ्या उतरून गेली.

आचल आईकडे बघत होती. बापाकडे नाही, आईकडेच.

“आई, तू तं पाह्यलं होतं ना!”

एवढं बोलून ती मैनाबाईच्या मागं धावली. माधवीनं दारातच तिचा दंड पकडला. पोरगी ओढत होती, रडत होती, आणि मैनाबाई गल्लीच्या वळणाआड होईपर्यंत आईनं तो सोडला नाही.