कोपऱ्यातली रेघ

"थोपटा गं, बडवू नका. गच्चीला झोप लागली पाहिजे, धडकी भरायला नको."

आईचा हा आवाज थोरलीच्या कानात अजून आहे. त्या दोघी बहिणी तेव्हा पाण्याच्या टाकीच्या सावलीत बसायच्या. समोर आईच्या हाताखालच्या बायका ओळीने उकिडव्या बसून चुन्याचा आणि विटांच्या चुऱ्याचा ओला थर लाकडी थाप्यांनी ठोकत ठोकत मागे सरकायच्या. ठोका चुकू नये म्हणून आई गायची:

थोपटते मी गच्ची, ऊन निजू दे गं वर
खाली लेकरांचं माझ्या, थंड राहू दे घर

घर थंड राहिलं. मग आई गेली, गच्चीला बारीक भेगा पडल्या, आणि कोण ठोकत बसणार म्हणून इमारतीतल्यांनी वर काळं डांबर अंथरलं. गळती थांबली, पण ते आगीतून फुफाट्यात पडणं होतं. पुढचे उन्हाळे असे तापत गेले, की वरच्या मजल्यावरची माणसं जिन्यात झोपायला लागली. थोरलीच्या शेजारचा शिंपी म्हणायचा, इस्त्रीचा खर्च वाचला, दोरीवरचा सदरा आपसूक कडक होऊन उतरतो. आत त्याची म्हातारी सासू ओल्या चादरीत पडून असायची. मागच्या उन्हाळ्यात ती गेली, तेव्हापासून त्याने तो विनोद केला नाही. इमारतीने ठरवलं, डांबर खरवडायचं आणि चुन्याची गच्ची परत करायची.

ते काम जाणणारं आता होतं कोण? धाकटी. ती शिकून इंजिनीयर झाली होती आणि गावोगावच्या तापलेल्या वस्त्यांची छपरं थंड करत फिरत होती. आपल्याच घराचं छप्पर तेवढं राहिलं होतं.

ती पहिल्यांदा घर सोडून निघाली, तेव्हा आई अंथरुणाला खिळलेली होती. तिने थोरलीचा हात धरून बजावलं होतं, हिला अडवू नकोस, पाखराच्या पायात दोरी बांधू नये. थोरलीने मान डोलावली आणि तो शब्द पाळला. दर फोनवर सांगायची, आमचं छान चाललंय, तू तुझं बघ. फोन ठेवला की चहाचं आधण दोघींचं ठेवायची आणि दोन्ही कप एकटीच प्यायची.

धाकटी आली, तिने बायका जमवल्या, थाप्या घडवून घेतल्या. गच्ची ठोकताना आईचं गाणं कुणी सुरू केलं ते दोघींनाही कळलं नाही. थर पुरा झाला तेव्हा धाकटीने वर गोणपाटं पसरली आणि सांगितलं, ही सतत ओली ठेवायची. रोज सकाळी ती टाकीजवळच्या कोपऱ्यात नख ओढून बघणार. पांढरी रेघ उमटली तर चुना अजून कच्चा. ज्या दिवशी उमटणार नाही, त्या दिवशी तिची बॅग भरायची. पुढचं शहर वाट बघत होतं.

पाणी मारायचं काम थोरलीने मागून घेतलं.

रेघ रोज उमटायची. दिवस जात राहिले, रेघ उमटत राहिली. शिंपी म्हणाला, एवढ्यात मी अख्ख्या पलटणीचे सदरे शिवून दिले असते, तुमची गच्ची आहे की रुसलेली सून? आणि लगेच कौतुकाने सांगायला लागला, की हल्ली दुपारी पंखा बंद करून मशीनवर बसतो.

तांबडं फुटताना थोरली वर जायची. उरलेल्या चुन्याचं भांडं टाकीमागे झाकून ठेवलेलं असायचं. त्यातला बोटभर चुना ती कोपऱ्यात लिंपायची आणि हळूहळू थोपटायची, तान्ह्याला थोपटावं तशी. चुन्याने बोटांची सालं निघाली. धाकटीने विचारलं, तेव्हा तिने भांड्यांच्या साबणाला नावं ठेवली.

शेवटी पुढच्या शहरातून फोन आला. आता थांबता येणार नाही म्हणाले.

त्या सकाळी धाकटी वर आली, पण कोपऱ्याकडे गेली नाही. तिने थोरलीचा हात हातात घेऊन उलटा केला, बोटं पाहिली आणि तिला गच्चीच्या मधोमध नेलं. गोणपाट बाजूला सारून थोरलीचंच नख त्या गुळगुळीत चुन्यावरून ओढलं. काही उमटलं नाही.

"कधीची पिकलीय, ताई. रेघ मी मुद्दाम कोपऱ्यातच ओढत होते."

"मग बोलली का नाहीस?"

"वाटलं, तू बोलशील."

खालून शिलाई मशीनचा आवाज येत होता, थांबत होता, पुन्हा येत होता. उन्हं वर आली होती, तरी पायाखालची गच्ची गार होती. थोरलीने पाण्याचा पाइप खाली ठेवला.

"आईला शब्द दिला होता, तुला अडवणार नाही म्हणून," ती म्हणाली. "इतकी वर्षं पाळला. आज मोडते. जाऊ नकोस, चिमे. मला तुझ्यावाचून करमत नाही. कधीच करमलं नाही."